दगडाचं तोंड म्होरं

एक बाज, सुंभाने विणलेली, एक पाय तोकडा. ती उचलून नेणारी दोन पोरं. एक पुढे बघत चाललंय, दुसरं उलटं.

उसाच्या दोन ट्रॉल्या मागे लावून ट्रॅक्टर चढाला लागला की त्याचं तोंड आभाळाकडे उचलतं. मग बॉनेटवर माणसं बसतात. बिडी ओढत.

माधवनगरच्या यार्डात पाणी साचलं तर त्यात चाक घालायचं नाही. खाली काय आहे ते फक्त पाण्याला माहीत.

एक वाकळ. आतल्या बाजूने खाकी कापडाचे तुकडे.

काळा दगड, छातीइतका उंच, बुडाशी रुंद. त्यावर नऊ नावं. अजून हार नाही, गुलाल नाही, काही नाही.

थंडीतलं कोरडं ऊन.

मेढ्याच्या वर, डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. तिथल्या जवळपास प्रत्येक घरातून कुणी ना कुणी सैन्यात गेलेलं. नऊ जण परत आले नाहीत. त्यांच्या नावाच्या दगडाचं उद्या अनावरण होतं, शाळेच्या पटांगणात, तळ्याच्या बांधाला चिकटून बांधलेल्या चौथऱ्यावर. दगड सांगलीहून ट्रकमधून आला आणि वरच्या डांबरी रस्त्यावर थांबला. पटांगण खाली. मधे सरळ उतार: मुरूम, सुटे गोटे, गुरांनी पाडलेल्या वाटा, आणि पावसाने आडवी खोदलेली एक घळ. वर विजेच्या तारा इतक्या लोंबलेल्या की गेल्या आठवड्यात आलेली क्रेन नुसती मान वर करून बघून परत गेली होती.

म्हणून संयोगिता आली होती.

ती माधवनगरच्या नारायणशेठच्या यार्डात फोर्कलिफ्ट चालवते. इतकी वर्षं गोदामातली छोटी, गुळगुळीत फरशीवरची. ही मोठी, खडबडीत जमिनीसाठी केलेली, ट्रॅक्टरसारख्या खोल नक्षीच्या टायरांची, तिला अलीकडेच हातात मिळाली होती. हे काम तिने मागून घेतलं. नारायणशेठ म्हणाले होते, माहेरच्या गावात काम करू नये, तिथे ऐकणारा कुणी नसतो आणि सांगणारे सगळे असतात. ती म्हणाली होती, दगडावरचं सगळ्यात खालचं नाव माझ्या भावाचं आहे. त्यावर नारायणशेठांनी किल्ली दिली.

वीरधवल आकाराम. वीरू. तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. उत्तरेत बर्फात गेला. घरी आली ती पेटी, आणि ती उघडायची नाही असं सांगितलेलं. म्हणजे वाडीत वीरू म्हणून आता जे काही उभं राहणार होतं ते हाच दगड. तो एखाद्या कोपऱ्यालासुद्धा न फुटता खाली पोचायला हवा होता, आणि तिच्याच हातून.

आधी ती चालली.

गाडी ट्रेलरवरून उतरवायच्या आधी हातात पहार घेऊन उतार पायी उतरली. दर थोड्या अंतरावर पहार जमिनीत मारायची, आवाज ऐकायची. टणक. टणक. भुसभुशीत. तिथे चुन्याची फक्की टाकायची आणि पुढे. सुटे गोटे वेचायला लावले. घळीत दगड आणि मुरूम भरायला लावला, वरून धुम्मस मारायला लावली. वाडीतली निम्मी माणसं बांधावर बसून बघत होती.

सयाजी, जो कारखान्याला ऊस ओढतो आणि ज्याच्या ट्रॅक्टरला सगळ्या तालुक्यात मोठा भोंगा आहे, तो म्हणाला, "संयू, रस्ता बघाय आलीयास का स्थळ?"

"स्थळच," ती पहार मारत म्हणाली. "वरून बरं दिसतंय. आतनं पोकळ हाय."

बांधावर हशा पिकला. सयाजीही हसला. मग तो जवळ आला आणि त्याने मनापासून मदत देऊ केली. एवढा दगड पुढे उचलल्यावर गाडीची मागची चाकं हलकी होणार, तर माझी चार पोरं मागे उभी करतो, दाबून धरतील. दर हंगामात करतो. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण दर हंगामात करतात हे खरं होतं. ट्रॅक्टरचं तोंड उचललं की बॉनेटवर बसायचं हे इथल्या पोराला सायकलच्या आधी येतं.

संयोगिताने सांगितलं की गाडीच्या बुडात कंपनीनेच लोखंड भरलंय, दगडाच्या हिशेबाने पुरेसं आहे, आणि पुरलं नसतं तर तिने दगड उचललाच नसता. सयाजीला ते पटलं नाही. चार माणसं म्हणजे तेवढंच जास्तीचं वजन, त्यात वाईट काय?

"वजन घाबरून उडी मारत न्हाई, सयाजीदादा. माणूस मारतो. आन् मारली की चाकाखाली."

सयाजीच्या ट्रॅक्टरवरून दोन हंगामांपूर्वी कोण पडलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

मग रिकामी गाडी एकदा खाली नेऊन आणायची होती.

ती सरळ उतरली, तोंड उताराकडे, पुढचे दोन लोखंडी फोर्क जमिनीलगत. खाली पटांगणात गेली, थांबली, आणि तशीच मागे मागे, रिव्हर्समध्ये, वर आली. लोकांना ते गमतीचं वाटलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पण गाडी डगमगली नाही, घसरली नाही, घळीवरून सावकाश बैलासारखी गेली, आणि बांधावरच्या माणसांना पहिल्यांदा वाटलं की हे होणार.

तोवर सुभेदार आकाराम आले होते. तिचे वडील. इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीवर पदकं, डोक्यावर जुनी बॅरे टोपी. समितीचे अध्यक्ष तेच. त्यांच्या मागे वाडीतले माजी सैनिक, काही काठी टेकत, काही ताठ. सुभेदारांनी विचारलं, दगड कसा आणणार.

तिने हाताने दाखवलं. दगड उचलायचा आणि मागे मागे खाली यायचं.

सुभेदारांना वाटलं, आपल्याला नीट कळलं नाही. मघाशी तर सरळ उतरलीस.

मघाशी रिकामी होती, तिने सांगितलं. रिकाम्या गाडीचं जडपण मागे असतं, म्हणून मागची बाजू चढाकडे ठेवली. भरल्या गाडीचं जडपण पुढे. ओझं कायम चढाच्या बाजूला. उताराकडे तोंड करून दगड नेला तर मागची चाकं उचलतील आणि गाडी दगडावर उपडी होईल.

"म्हंजी माझ्या ट्रॅक्टरवानीच," सयाजी म्हणाला. "फकस्त उलटं."

"व्हय."

सयाजीला कळलं. सुभेदारांनाही कळलं होतं. त्यांनी आयुष्यभर डोंगरात रसद चढवली होती. त्यांचा प्रश्न तो नव्हताच. त्यांनी ट्रककडे पाहिलं. दगडाची नावांची बाजू रस्त्यापलीकडे होती. वाटेच्या तोंडाशी गाडी लावून दगड उचलला की नावं बाहेरच्या अंगाला येणार, डोंगराच्या माथ्याकडे, आणि गाडी मागे मागे जात ती नावं गावाकडे पाठ करून खाली येणार.

"हे व्हायचं न्हाई," ते म्हणाले. "ही पोरं पाठ दाखवून गावात यायची न्हाईत."

"आबा, गाडी पलटंल."

"मला कळतंय. तरी न्हाई."

मागचे म्हातारे जागचे हलले नाहीत. एक जण म्हणाला की दगड बैलगाडीने नेऊ. बैलगाडीची चाकं त्या वजनाने जागच्या जागी रुततील हे त्यालाही ठाऊक होतं. दुसरा म्हणाला, राहू दे वरच, रस्त्याच्या कडेला बसवू. तेव्हा सुभेदारांचा चेहरा असा झाला की तो दुसरा खाली बघू लागला. चौथरा खाली शाळेशी होता, कारण नऊही जण त्या शाळेत शिकले होते.

ऊन डोक्यावर आलं. ट्रकवाला हॉर्न वाजवून विचारायला लागला. बांधावरची माणसं जेवायला उठली.

इथे सगळं थांबलं.

ती गाडीच्या पायरीवर बसली. आई, बनुबाई, भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन आली. शेजारी टेकली. उतार समोर पसरला होता.

बाज.

उन्हाळ्यात ते दोघं याच उतारावरून बाज खाली न्यायचे, तळ्याच्या बांधावर, वाऱ्याला झोपायला. बाज दोघांनी धरायची तर एकाला उलटं चालावं लागतं. वीरू उलटा चालायचा नाही. कधीच नाही. मी म्होरं बघणार, म्हणायचा. मग ती खालच्या बाजूला, पाठ उताराकडे, मान वळवून वळवून पाय टाकायची, आणि वीरू राजासारखा समोर तळं बघत यायचा. भांडणं व्हायची. पण बाज कधी पडली नाही.

बाज तिच्याकडे बघत यायची. वीरूही.

उलटी ती चालायची.

भाकरीचा घास तोंडात तसाच राहिला. ती उठली, ट्रकवाल्याकडे गेली आणि म्हणाली, वळणापर्यंत पुढे जा, ट्रक फिरव आणि दुसऱ्या तोंडाने आणून इथेच लाव. ट्रकवाल्याने विचारलं, का. ती म्हणाली, दगड फिरवण्यापेक्षा ट्रक फिरवणं सोपं. कारागिराने फोर्क घुसायला बुडाशी केलेल्या दोन खाचा आरपार होत्या. दोन्हीकडून चालणार होतं.

मग ती सुभेदारांपुढे उभी राहिली.

"आबा, बाज कशी न्यायचो आमी?"

सुभेदारांनी कपाळाला आठी घातली.

"तळ्यावर. मी आन् वीरू."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग फिरून येणाऱ्या ट्रककडे. नावांची बाजू आता वाटेकडे होती, खाली पटांगणाकडे, शाळेच्या कौलांकडे. गाडी दगडाला समोरून भिडली की नावं गाडीच्या अंगाला येणार होती.

"नावं माझ्याकडं तोंड करून येणार," ती म्हणाली. "पाठ उताराकडं माझी. मागं मी जाणार हाय, आबा. वीरू म्होरं बघतच येणार, हमेशावानी."

सुभेदारांनी बॅरे काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली. असं करताना त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं की नावं लोखंडाला घासणार नाहीत का. विचारलं म्हणजे हो म्हणाले.

बनुबाई उठून घराकडे चालू लागली होती. ती जुन्या वर्दीच्या तुकड्यांची वाकळ घेऊन आली. घडी करून, खाकी बाजू आत, तिने ती स्वतः फोर्कांमागच्या उभ्या लोखंडी जाळीला बांधली.

आता फक्त काम होतं.

फोर्क खाचांत. दगड जाळीला टेकला, मधे वाकळ. दोन पट्टे आवळले. उभा सांगाडा मागे कलता केला, म्हणजे दगड तिच्या अंगावर रेलला. जमिनीपासून वीतभर वर, गोट्याला लागू नये इतकाच, त्याहून वर नाही. तिने सीटचा पट्टा लावला. मग सांगितलं की दोन्ही बाजूंना लांब व्हा आणि खालच्या अंगाला कुणीही नको.

सुभेदार खालच्या अंगाला उभे होते. दगडाच्या पुढे आपण चालणार, हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

"म्होरं न्हाई, आबा. कडंला. मला आरशात न्हाई, डोळ्यानं दिसाय पायजेत."

वाडीत सुभेदारांना 'कडेला व्हा' म्हणणारं कुणी नव्हतं. ते कडेला झाले. दोन गाड्यांच्या रुंदीचं अंतर ठेवून, ताठ, आणि त्यांनी उजवा हात खांद्याच्या रेषेत उचलला. ये. तिने मान वळवली. पाठीमागे उतार. हातात ब्रेक नव्हे, इंजिनाचा खालचा गिअर.

मागे.

चाकं मुरूम चावत होती. तिच्या समोर, हाताच्या अंतरावर, वाकळ. वाकळीपलीकडे नावं. ती तिकडे बघत नव्हती.

मागे.

वळायचं नाही. उतारावर वळायचं नाही. गुरं सरळ उतरतात, आपणही.

मागे.

आबांचा हात सपाट. सावकाश.

फक्की. टणक. फक्की.

घळ.

डावं मागचं चाक भरावावर आलं आणि भराव बसला. सगळा नाही, बोटभर, मग चार बोटं. गाडी डाव्या अंगाला कलली. पट्टा करकरला. बांधावरून एकदम आवाज उठला आणि सयाजी पळत सुटला. वर उचललेल्या उजव्या बाजूला लोंबकळून ती दाबायला. त्याच्यामागे त्याची चार पोरं. त्यांच्या पायांना दुसरं काही माहीतच नव्हतं.

"जागेवर."

सुभेदार ओरडले नाहीत. तो शब्द त्यांनी मैदानावर टाकतात तसा टाकला. सयाजी एक पाय पुढे आणि एक मागे असा थिजला. त्याची पोरं त्याच्यावर आदळून थांबली. मागचे म्हातारे सैनिक, ज्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, तेही सावधान झाले.

आबांची मूठ वळलेली. थांब.

ती थांबली होतीच. हँडल फिरवावं असं हातांना वाटत होतं. हातांचं तिने ऐकलं नाही. ओझं चढाच्या बाजूला होतं, म्हणून तोंडही चढाकडे होतं, म्हणून पुढे जायची वाट मोकळी होती. पुढचा गिअर. चारी चाकं लागली. गाडी सरळ वर, हातभर, दोन हात, भरावावरून सुटून टणक जमिनीवर. मग तिने दगड खाली टेकवला, ब्रेक ओढला, इंजिन बंद केलं.

बांधावर एक कोंबडी बोलली.

"आता या," ती म्हणाली. "पयलं चाकांखाली दगडाची उटी लावा. मग घळीत मोठं धोंडं भरा, मुरूम नको."

सयाजी सगळ्यात आधी आला. धोंडे भरताना म्हणाला, "पायच पळालं गं. मी न्हाई."

"पायांना सांग आता."

"त्यास्नी सुभेदारांनी सांगितलं. जलमभर इसरायचं न्हाईत."

घळ भरली. माणसं परत कडेला गेली, न सांगता, आणि यावेळी आधीपेक्षा लांब. आबांचा हात उठला. गाडी घळीवर आली, धोंडे एकदा कुरकुरले, आणि मागची चाकं पार झाली. पुढची पार झाली. दगड वाकळीला रेलून, नावं शाळेकडे करून, उतारावरून खाली येत राहिला, आणि कुणीतरी हलगीवर पहिली थाप टाकली. संयोगिताने एक हात वर करून तिला गप्प केलं. अजून नाही. हलगी गप्प झाली.

सपाट पटांगण. इथे वळता येतं. ती सावकाश वळली आणि सरळ चौथऱ्यावर गेली. सांगाडा उभा. दगड वर. पुढे. खाली. फोर्क खाचांतून बाहेर सरकले आणि गाडी मागे आली.

वाकळ जाळीवर राहिली. दगडावरची नावं उघडी, उन्हात, एकही ओरखडा नाही. नावं तिच्याकडे बघत होती. म्हणजे पटांगणाकडे. म्हणजे शाळेकडे, वाडीकडे, उताराकडे, सगळ्यांकडे.

सुभेदार दगडाच्या पुढे येऊन उभे राहिले. मग दगडाच्या मागे गेले, जिथे बांधाची भिंत होती आणि माणूस कसाबसा अंग चोरून जाईल एवढीच फट. तिथून त्यांनी भिंतीकडे पाहिलं. चौथऱ्यावर गाडी फक्त पटांगणाच्या बाजूनेच येऊ शकत होती. दगड त्यांच्या मनाप्रमाणे, गाडीचं तोंड उताराकडे आणि नावं बाहेरच्या अंगाला ठेवून आला असता, तर ती नावं कायमची या भिंतीला तोंड लावून उभी राहिली असती.

ते बाहेर आले आणि हे त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं, मोठ्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि आपल्याच अकलेवर इतके हसले की पदकं वाजली. बनुबाई म्हणाली, आवं, ही एवढी अक्कल आमी चाळीस वर्सं सोसतोय, आन् तुमास्नी आज दिसली. म्हाताऱ्या सैनिकांत जो हशा उठला तो बराच वेळ खाली बसला नाही.

मग सुभेदार गाडीजवळ आले. लेकीला खाली उतर म्हणाले नाहीत. गाडीतच बसलेल्या तिला, पटांगणाच्या मध्यभागी, त्यांनी सॅल्यूट ठोकला. वाडीच्या इतिहासात कुणा सुभेदाराने पोरीला असा सॅल्यूट केला नव्हता. तिला उलट काय करायचं ते कळेना. तिने हॉर्न वाजवला.

आता हलगी.

गाडीला झेंडूची माळ पडली. कुणीतरी टायरांना गुलाल लावला. ट्रेलर वर रस्त्यावर उभा होता, गाडी परत न्यायची होती. गाडी रिकामी, म्हणून तिने तोंड उताराकडे ठेवलं, पाठ चढाकडे, आणि मागे मागे वर निघाली. दोन्ही अंगांनी, लांब अंतर ठेवून, वाडी चालत होती. पुढे हलगी, मग म्हातारे सैनिक, मग शाळेची पोरं, मग सयाजी, जो आपल्या माणसांना सारखा कडेला ढकलत होता. अख्खी मिरवणूक चढावर चालली होती आणि तिच्या मधोमध गाडी उलटी वर सरकत होती, फोर्क खाली दगडाकडे करून. कुणालाच त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

माथ्यावर पोचेपर्यंत संयोगिताला समोर तो दिसत होता. लहान होत जाणारा काळा दगड, ताठ, तोंड म्होरं.

दगडावरचं सगळ्यात वरचं नाव राणोजी कोंडिबा यांचं आहे. पलटणीत ते बंदूकवाले नव्हते, खेचरवाले होते, आणि त्यांचं काम ओझं घेऊन डोंगर चढायचा आणि उतरायचा, एवढंच होतं.